ट्वायलाइट स्ट्रगल : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी रचलेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा दोन खेळाडूंचा पटावरचा खेळ १९४५ ते १९८९ या काळातले शीतयुद्ध दहा फेऱ्यांत मांडतो. गेले आठ महिने आम्ही दोघे तो नियमाने, बाजू आलटून-पालटून खेळत आहोत, आणि या काळात त्याच्या समतोलाविषयीचे माझे मत पुष्कळ बदलले आहे.

सुरुवातीचे बहुतेक डाव सोव्हिएत बाजूने जिंकले आणि त्याचे कारण नशिबात नसून रचनेत आहे. प्रत्येक फेरीत पहिली खेळी सोव्हिएत खेळाडूची असते. मोक्याच्या देशात उठाव घडवला, म्हणजे तिथला प्रतिपक्षाचा प्रभाव फाशाच्या जोरावर उखडू पाहिला, की अणुयुद्धाचा धोका दाखवणारा डेफकॉनचा आकडा एकाने उतरतो, आणि तो १ वर आला की ज्याची खेळी चालू असेल तो तत्काळ हरतो. फेरीच्या आरंभी आकडा ३ असताना सोव्हिएत खेळाडू पहिल्याच खेळीत उठाव करून तो २ वर आणतो, आणि मग त्या फेरीत अमेरिकेला मोक्याच्या कोणत्याही देशात उठाव करता येत नाही. पहिल्या फेरीतील इराणचेच पाहा. तेथे अमेरिकेचा प्रभाव, म्हणजे देशावरची पकड मोजणारा आकडा, अवघा एक आणि देशाचे स्थैर्य, म्हणजे उठावाला तोंड देण्याची ताकद, दोन. पत्त्यांवर कृतीचे अंक आणि बहुधा एक ऐतिहासिक घटना असते; चार अंकांचा पत्ता वापरला तर स्थैर्याची दुप्पट वजा होऊन फाशावर पडेल तेवढा पुरा फरक सोव्हिएत बाजूच्या पदरात पडतो. इराण गेला की पाकिस्तान आणि पुढे भारताकडे जाण्याची अमेरिकेची वाटही बंद होते.

मात्र एवढ्यावरून खेळ एकतर्फी ठरवणे घाईचे होईल, असे मला आता ठामपणे वाटते. त्याचा खरा समतोल पत्त्यांच्या एका नियमात आहे : प्रतिपक्षाच्या घटनेचा पत्ता तुम्ही अंकांसाठी वापरलात, तरी ती घटना घडतेच. त्यामुळे हातातली निम्मी शक्ती स्वतःचे नुकसान कमीत कमी कसे होईल हे ठरवण्यातच खर्च होते. अंतराळ स्पर्धेत टाकून फेरीला साधारण एक पत्ता निकामी करता येतो, आणि एक पत्ता पुढच्या फेरीसाठी राखता येतो.

ही राखीव जागा किती मोलाची आहे, हे मला सहाव्या फेरीत हरलेल्या एका डावाने शिकवले. मी सोव्हिएत बाजूने खेळत होतो, डेफकॉन २ वर होता, आणि हातात ‘डक अँड कव्हर’ व ‘सीआयए क्रिएटेड’ हे दोनच पत्ते उरले होते. पहिल्याने डेफकॉन थेट उतरतो. दुसऱ्याने अमेरिकेला माझ्या हातातले पत्ते पाहून एका अंकाची कृती करण्याची मुभा मिळते, आणि अंगोला या मोक्याच्या देशात माझा प्रभाव असल्यामुळे तिथला उठाव फसला तरी डेफकॉन १ वर येणार होता. ‘सीआयए क्रिएटेड’ एका अंकाचा असल्यामुळे अंतराळ स्पर्धेत पाठवता येत नाही. तीन अंकांचा ‘डक अँड कव्हर’ पाठवता आला असता, पण ती संधी मी त्याच फेरीत एका किरकोळ पत्त्यावर आधीच वापरून बसलो होतो. दोहोंपैकी एकच राखता येत होता. डाव तिथेच संपला, पण चूक शेवटच्या खेळीत नव्हती. ती पाच खेळ्या आधी झाली होती. असे परिणाम मागे शोधत जाता येणे हा मला या खेळाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

चौथ्या फेरीपासून येणारे पत्ते अमेरिकेला हळूहळू हात देतात आणि आठव्यापासून तर वारे स्पष्टपणे फिरते. अट एवढीच की तोपर्यंत सोव्हिएत बाजूने वीस गुणांची आघाडी घेऊन डाव संपवलेला नसावा. म्हणून समान तयारीच्या खेळाडूंनी अमेरिकेला आरंभी दोन जादा प्रभाव द्यावेत, हा रूढ तोडगा मी मनापासून सुचवतो. आम्ही तो स्वीकारल्यापासून डाव दहाव्या फेरीपर्यंत सहज पोहोचू लागले आहेत. मी स्वतः हे दोन्ही प्रभाव इराणमध्येच ठेवतो.

पट आणि पत्ते सतत हाताळूनही टिकले आहेत. वेळ मात्र मोकळा हवा. सरावानंतरही आमचा पूर्ण डाव अडीच तासांच्या आत क्वचितच आटोपतो. नवख्या जोडीदाराला बसवताना जाणत्या खेळाडूने अमेरिका घ्यावी, कारण पहिल्या तीन फेऱ्या तग धरण्याचे काम पत्ते ओळखीचे असल्याशिवाय जमत नाही.