‘फायरप्रूफ’ तिजोरीच्या भिंतीत थर्माकोल निघाला

“साहेब, दोन तास आगीत राहिली तरी आतल्या कागदाला झळ लागणार नाही,” असं सांगून मला विकलेल्या तिजोरीच्या भिंतीत थर्माकोल भरलेला होता. नाणी, दागिने, घराची कागदपत्रं घरातच ठेवणाऱ्यांनी कृपया हे पूर्ण वाचा.

वडिलांनी हयातभर जमवलेली नाणी माझ्याकडे आहेत. तांब्याच्या शिवराया, मराठेशाहीतले चांदीचे अंकुशी आणि चांदवडी रुपये, व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे राणीछाप रुपये. आमच्या इमारतीत मीटरच्या खोलीला आग लागली आणि ही नाणी लाकडी कपाटात ठेवायला मन धजेना. म्हणून मुंबईतल्या एका दुकानातून तिजोरी घेतली. काळी पेटी, आकड्यांचं कुलूप, दारावर लाल ज्वाळेचा स्टिकर, आणि किंमत त्याच मापाच्या साध्या लॉकरच्या जवळजवळ दुप्पट. दुकानदाराने लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दाखवलं. पेटी हवाबंद आहे, चांदी काळी पडणार नाही, असंही छातीठोकपणे सांगितलं. शिवाय एक गोष्ट बजावली: हिला भोक पाडू नका, वॉरंटी जाईल. असं का, ते पुढे कळलं.

पावसाळ्यात पेटी उघडली तर रबराच्या सोल्युशनचा भपकारा आला. राणीछाप रुपयांच्या कडा निळसर काळ्या पडल्या होत्या, दोन शिवरायांवर हिरवी भुकटी धरली होती. रबरी वस्तूंतल्या गंधकाने चांदी काळवंडते, आणि इथे आतलं अख्खं अस्तरच रबरी स्पंजाचं होतं. तोवर आणखी एक गोष्ट खटकत होती. पेटी एकटा माणूस सहज उचलत होता. चोराने ती तशीच उचलून नेऊ नये म्हणून भिंतीला बोल्ट मारायला मिस्त्रींना बोलावलं. ड्रिलचं बिट बाहेरच्या पत्र्यातून आत गेलं आणि पुढे काही अडलंच नाही. बाहेर काढल्यावर त्याला पांढरे दाणे चिकटलेले, काही फरशीवर उडालेले. मिस्त्रींनी दाणे चिमटीत धरले आणि म्हणाले, “दादा, हा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आहे.”

थर्माकोल १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडून आकसतो. तिजोरीच्या एक तासाच्या चाचणीत भट्टी ९०० अंशांच्या वर जाते. खऱ्या अग्निरोधक तिजोरीच्या जाड भिंतीत काँक्रीट किंवा जिप्समसारखं मिश्रण असतं. त्यात बांधलेलं पाणी आगीत वाफ होऊन उष्णता शोषतं, म्हणून आतला भाग वाचतो. अमेरिकेच्या यूएल ७२ मानकात कागदांसाठीच्या तिजोरीचं आतलं तापमान १७७ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि तेही ठरलेल्या वेळेपर्यंतच. तेव्हा दुकानदाराला विचारा: कुठलं मानक, किती मिनिटं, आत किती अंश? ही माहिती पेटीवरच्या पक्क्या पट्टीवर मॉडेल क्रमांकासकट असायला हवी. माझ्या प्रमाणपत्रावर मॉडेल क्रमांकच नव्हता. दाराची जाडी बघा, वजन विचारा. बोल्टची भोकं कंपनीनेच पाडून दिलीत का, तेही बघा.

खरी तिजोरी घेतलीत तरी एक जपा. तिच्या भिंतीतल्या ओलाव्याने आतली हवा दमट होते. नाणी पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला. पीव्हीसीची मऊ पाकिटं स्वतःच नाण्यांवर हिरवा चिकट थर सोडतात. आणि डाग पडले म्हणून चिंच-लिंबाने घासू नका. नाणं चकचकीत होतं, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते. माझी डागाळलेली नाणी मी तशीच जाणकाराकडे दिली आहेत.

दुकानदाराने आधी “हेच इन्सुलेशन असतं” म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथे दाद मिळाली नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बिल, “दोन तास फायरप्रूफ” असं त्याने लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज आणि भोकातून निघालेल्या थर्माकोलचे फोटो जोडले आहेत. प्रकरण चालू आहे. ज्वाळेच्या स्टिकरची तीच पेटी त्या दुकानात अजूनही विकली जाते आहे.