सैबेरियाचा भिंतीवरचा नकाशा, ४ स्टार

ट्यूशनच्या पोरांसाठी राजारामपुरीतल्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातनं घेतला, साडेचारशे रुपये. लॅमिनेशन दणकट आहे, नावं मराठीत आणि मागच्या पोरालाही वाचता येतात. खालची पट्टी हलकी असल्याने फॅन लावला की फडफडतो, तेवढं चालतंय.

याकुतियाचा, म्हणजे रशियाच्या पूर्व सैबेरियातल्या प्रांताचा भाग लई भारी दाखवलाय. जवळजवळ भारताएवढा प्रदेश आणि माणसं फक्त दहा लाखांच्या आसपास, हे भिंतीवर बघितल्यावरच पोरांच्या डोक्यात बसतं. लेना नदीला उत्तरेकडे जाणारा बाण दिलाय, त्यावरनं मी तिथला पूर शिकवला, म्हणजे उन्हं तापली की दक्षिणेला वरच्या अंगाचा बर्फ आधी फुटतो, खाली उत्तरेला नदी अजून गोठलेलीच, मग बर्फाचे तुकडे अडकून पाणी तुंबतं, २००१ ला लेन्स्क शहर असंच बुडालं. २०१९ ला पंचगंगेचं पाणी दारात आलेली पोरं आहेत माझ्याकडं, त्यांना लगेच कळलं.

पण १ स्टार कापला तो रंगांच्या सूचीसाठी. सगळं जंगल एकाच गडद हिरव्यात आणि पुढं लिहिलंय 'सदाहरित सूचिपर्णी'. अहो, येनिसेई नदी ओलांडून पूर्वेला गेलं की मुख्य झाड लार्च, ते सूचिपर्णी असूनही थंडीच्या आधी पिवळं होऊन सगळ्या सुया गाळतं! जमीन गोठल्यावर मुळांना पाणी मिळत नाही, मग पानं सांभाळायची कशाला. आणि कायम गोठलेल्या जमिनीची रेघ नकाशात नाहीच, खरं तर सगळी गंमत तिच्यात आहे. याकुतियाच्या राजधानीत, याकुत्स्कला, बर्फ धरून वर्षाला २५० मिमीच्या आत-बाहेर पाणी पडतं, गगनबावड्यात पावसाने जोर धरला की दोन दिवसात तेवढा होतो, तरी तिथं जंगल उभं आहे कारण उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो, खाली बर्फ असल्यामुळं पाणी मुरून जात नाही, मुळांपाशीच राहतं. झाडं पण खालच्या बर्फावर सावली धरतात. याकुतियातल्याच बाटागाय गावाजवळ जंगल तोडलं तिथं जमीन खचत खचत किलोमीटरभर लांब खड्डा झालाय आणि अजून वाढतोय.

दुकानदार काकांना सांगितलं, त्यांनी नीट ऐकून वहीत लिहून घेतलं, छापणाऱ्याला कळवतो म्हणाले. तोवर पोरांनी येनिसेईच्या पलीकडं पिवळा जिलेटीन पेपर चिकटवलाय.