कटिंग विकतो, संपतो पत्रा: ईआरपी आठ महिने वापरून झालं, त्याबद्दल

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पत्रा कापायचं एक फायबर लेझर, वाकवायचा एक प्रेस ब्रेक, सगळी मिळून नऊ माणसं. आधी बिलं टॅलीत आणि बाकी सगळं वहीत नाहीतर भावाच्या डोक्यात असायचं. आठ महिन्यांपूर्वी ईआरपी, म्हणजे बिलं, स्टॉक, जॉब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जो त्रास झाला त्यात सॉफ्टवेअरचा दोष अर्धाच, उरलेला अर्धा आम्ही आयटम मास्टर (सॉफ्टवेअरमधली वस्तूंची यादी) कसा भरला त्याचा.

डेमोत दाखवतात ना, खुर्ची बनवायची, चार पाय, एक सीट, आठ स्क्रू, झाला बीओएम, म्हणजे एका वस्तूला काय काय लागतं त्याची यादी. आमच्याकडे खुर्ची नाहीच हो. रोज वेगळी ड्रॉइंग येतात, एक ब्रॅकेट ४० नग आणि परत आयुष्यात कधी नाही. पण सेटअप करून देणारा पोरगा म्हणाला प्रत्येक पार्टचा आयटम कोड करा, बीओएम करा, आम्हीही केलं. दोन महिन्यांत हजाराच्या वर कोड झाले, त्यातले बहुतेक एकदाच वापरलेले, आणि ऑफिसमधली ताई दिवसभर फक्त आयटम बनवत बसलेली, बिलं संध्याकाळी सातनंतर.

वैतागून मग दुसऱ्या टोकाला गेलो. दोन-तीनच सर्व्हिस आयटम ठेवले, लेझर कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, बस. बिल दोन मिनिटांत! महिनाअखेरीला स्टॉक काढला तर सॉफ्टवेअर म्हणतंय नऊ टन पत्रा आहे आणि रॅकवर जेमतेम चार. साधी गोष्ट होती, सर्व्हिस आयटमला स्टॉक नसतो, तो कितीही विका पत्रा आपोआप कमी होत नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता जे चालू आहे ते असं. स्टॉकमध्ये फक्त कच्चा माल, म्हणजे ग्रेड आणि जाडीप्रमाणे पत्रे: एमएस (साधं पोलाद) ३ मिमी, एसएस ३०४ (स्टेनलेस) २ मिमी वगैरे. विकायला मोजके जनरल आयटम, त्यांना स्टॉक नाही, ड्रॉइंग नंबर बिलाच्या ओळीत टाईप करायचा. आणि मध्ये जॉब नंबर. पत्रा मशीनवर गेला की त्या जॉबवर मटेरियल इश्यू, वजन नेस्टिंगच्या (शीटवर पार्ट कसे बसवायचे त्या मांडणीच्या) रिपोर्टमधून घ्यायचं, बिलही त्याच जॉबवर. दोन्हीतला फरक बघितला की कळतं त्या कामात काय सुटलं. बीओएम फक्त दर महिन्याला येणाऱ्या पंधरा-वीस पार्टना ठेवलाय. तोटा एक आहे, बिलाच्या रिपोर्टमध्ये मार्जिन भलतंच दिसतं, कारण तिथे मालाची किंमत शून्य, जॉबचाच रिपोर्ट बघायला लागतो, आणि भाऊ अजून चुकीचाच उघडतो.

पार्टीचं मटेरियल हा वेगळा विषय. पत्रा आमचा असेल तर बिल मालाचं, पार्टीचा असेल तर जॉबवर्कचं, म्हणजे फक्त मजुरीचं, जीएसटीच्या ९९८८ कोडखाली. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच, पण आयटम दोन वेगळे लागतात. पार्टीचा पत्रा वेगळ्या गोडाऊनमध्ये शून्य दराने घेतो, नाहीतर आपल्या स्टॉकची किंमत उगाच फुगते (पहिल्या महिन्यात फुगली होती, सीएंचा फोन आला तेव्हा कळलं). याच भागात सॉफ्टवेअरचे पैसे वसूल झाले. जॉबवर्कला पाठवलेला माल पार्टीला वर्षाच्या आत परत आलेला दाखवावा लागतो, त्यामुळे पार्ट किती गेले, स्क्रॅप किती, शिल्लक किती याची विचारणा सारखी असतेच. पूर्वी चलनाची फाईल घेऊन अर्धा दिवस जायचा, आता ५०० किलो आले, ३६० चे पार्ट गेले, १२० स्क्रॅप, २० शिल्लक, असं स्टेटमेंट लगेच निघतं. कापून उरलेली जाळी कुणाची यावरची भांडणंसुद्धा कमी झाली.

युनिटचा घोळ मात्र आहेच. पत्रा विकत घेतो किलोत, मशीनवर चढतो नगात. ३ मिमीची २५०० बाय १२५० ची शीट ७.८५ घनतेने ७३.६ किलो होते, पण जाडी थोडी कमी निघाली की काट्यावर त्याहून कमीच भरते, आणि एक नग म्हणजे इतके किलो असं कन्व्हर्जन एकदा टाकलं की दर लॉटला थोडा थोडा फरक साठत जातो. आम्ही काट्याचंच वजन धरतो आणि महिन्यातून एकदा अ‍ॅडजस्टमेंट एन्ट्री मारतो.

गॅस, नोझल, लेन्स हे जॉबवर टाकायच्या भानगडीत पडू नका, तासाच्या रेटमध्ये घाला. एसएसला नायट्रोजन आणि जाड एमएसला ऑक्सिजन, म्हणून दोन रेट ठेवलेत, तेवढं पुरतं.

ऑफकटचं, म्हणजे कापून उरलेल्या तुकड्यांचं, उत्तर अजून सापडलेलं नाही. ३ मिमीचा ८०० बाय १२५० चा तुकडा साडेतेवीस किलो, तो स्टॉकला परत घेतो, पण तेवढ्याच वजनाचा एल आकाराचा वेडावाकडा तुकडा सॉफ्टवेअरला त्याच्यासारखाच दिसतो. स्टॉक आहे म्हणून ऑर्डर घेतली आणि पार्ट एकाही तुकड्यात बसेना असं दोनदा झालं. सध्या प्रत्येक ऑफकटला वेगळा बॅच नंबर, तोच नंबर तुकड्यावर पेंटने लिहायचा, आणि बॅचला मोबाईलवरचा फोटो जोडायचा. स्टोअरवाले मामा पेंटने लिहितात, फोटो विसरतात. ३०० मिमीपेक्षा लहान असेल तर सरळ भंगारात, ते भावाला अजून पटलेलं नाही, त्याने कोपऱ्यात स्वतःचा एक ढीग ठेवलाय जो कुठल्याच स्टॉकमध्ये नाही.