पीआरआधी घर की पीआरनंतर? सिडनी आणि मेलबर्नचा हिशोब

'भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे' हे वाक्य पुण्या-मुंबईहून आलेला प्रत्येक जण सोबत घेऊन येतो आणि वर्षभरात घरं बघायला लागतो. पण ऑस्ट्रेलियात घर कोणतं घ्यावं याच्या आधी व्हिसा कोणता आहे ते बघावं लागतं. नोकरीचा ४८२, पदवीनंतरचा ४८५, प्रादेशिक ४९१ किंवा विद्यार्थ्यांचा ५००, यांपैकी कोणताही टेंपररी व्हिसा असेल तर कायद्याच्या लेखी तुम्ही परदेशी खरेदीदार. त्यामुळे आत्ता घ्यायचं की पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळेपर्यंत थांबायचं, हा हिशोब पहिलं घर बघायला जाण्याआधीच मांडावा. माझा कौल आधीच सांगून टाकतो: सिडनीत थांबा, मेलबर्नमध्ये थोडी जागा आहे, पण तिथेही घाई नको.

घेता काय येतं?

टेंपररी व्हिसावर पूर्वी राहण्यासाठी एखादं जुनं घर घेता यायचं, एफआयआरबीची (परदेशी गुंतवणूक तपासणाऱ्या केंद्रीय मंडळाची) परवानगी काढून. १ एप्रिल २०२५ पासून ते बंद झालं. केंद्र सरकारने सुरुवातीला जाहीर केलेली मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंतची होती आणि अपवाद मोजकेच. उरलं काय, तर नवं घर, ऑफ द प्लॅन (बांधून होण्याआधीच घेतलेला) फ्लॅट किंवा रिकामा प्लॉट, ज्यावर चार वर्षांत बांधकाम पूर्ण करावं लागतं. त्यालाही परवानगी लागतेच, आणि दहा लाख डॉलरपर्यंतच्या खरेदीसाठी नुसत्या अर्जाची फी पंधरा हजार डॉलरच्या आसपास पडते. फ्लॅटच्या बिल्डरने प्रकल्पासाठी एकत्रित सर्टिफिकेट काढलं असेल तर ही फी तुमच्यावर येत नाही. पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

पीआर असेल तर यातलं काहीच नाही. ना परवानगी, ना फी. शाळेजवळचं, मागे लिंबाचं झाड असलेलं तीस वर्षं जुनं विटांचं घरही तुमच्यासाठी खुलं.

सिडनी: आकडेच बोलतात

समजा सिडनीच्या स्कोफील्ड्स उपनगरात ८ लाख डॉलरचं नवं टाउनहाउस आहे. पीआर असलेलं आणि पहिलंच घर घेणारं जोडपं स्टॅम्प ड्युटी भरेल शून्य, कारण सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ८ लाखांपर्यंत पूर्ण माफी आहे आणि पुढे १० लाखांपर्यंत सवलत घटत जाते. अट एवढीच की वर्षभरात राहायला जायचं आणि सलग बारा महिने राहायचं. तेच घर टेंपररी व्हिसावर घेतलं तर नेहमीची ड्युटी तीस हजारांच्या आसपास, वर परदेशी खरेदीदाराचा सरचार्ज. तो १ जानेवारी २०२५ पासून ८ वरून ९ टक्के झाला, म्हणजे ७२ हजार. एक लाखाहून अधिक डॉलर, तेही डिपॉझिटशिवाय वेगळे काढून ठेवायचे.

'थांबलो तर किमती वाढतील' याचं उत्तर याच आकड्यांत आहे. थांबण्याच्या काळात ते घर बारा-तेरा टक्क्यांनी महागलं तर कुठे बरोबरी होते. किंमत माफीच्या रेषेपुढे गेली तर थोडी आधी, पण फार नाही. पीआर वर्ष-दीड वर्षावर दिसत असेल तर मी हा लाख वाचवेन.

एक सावधगिरी. २०२३ मध्ये करविषयक करारांमुळे भारतासह काही देशांच्या नागरिकांना या सरचार्जमधून वगळलं होतं. त्या काळातला सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुढे आला तर तारीख बघा. ८ एप्रिल २०२४ पासून ती सूट संपली. पीआर मिळूनही लगेच सही करू नका: न्यू साउथ वेल्स आधीच्या बारा महिन्यांत देशात २०० दिवस राहिला आहात का, हेही बघतं.

मेलबर्न: प्लॉटची पळवाट

मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात सरचार्ज ८ टक्के. टार्नीट, विंडम वेल, क्रेगीबर्न या उपनगरांकडे आपली माणसं प्लॉट घेऊन घर बांधतात, त्यामागे हे गणितही आहे. धरा, ३ लाख ८० हजारांचा प्लॉट आणि ३ लाख ६० हजारांचं बांधकाम, करार दोन वेगवेगळे. बांधकाम सुरू होण्याआधी जमिनीचा व्यवहार झाला की ड्युटी फक्त जमिनीवर. सरचार्ज ३०,४००, तयार घर याच किमतीत घेतलं असतं तर ५९,२००. नेहमीची ड्युटी साधारण अठरा हजार वेगळी. पीआर असलेल्या पहिल्या खरेदीदाराला मात्र या प्लॉटवर ड्युटी शून्य, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या नव्या घराला १० हजारांचं अनुदान. एफआयआरबीची फी धरली तर फरक सत्तर हजारांच्या पुढे जातो. सिडनीपेक्षा कमी, पण कमी म्हणावा असा नाही.

प्लॉट घेणारच असाल तर करारामागे जोडलेला प्लॅन ऑफ सबडिव्हिजन (प्लॉट पाडल्याचा नकाशा) स्वतः उघडा. प्लॉटच्या मागच्या कडेला तुटक रेघ आणि 'ई-१' लिहिलेलं दिसलं तर तो ईझमेंट, म्हणजे दुसऱ्याच्या वापरासाठी राखलेली पट्टी, बहुधा ड्रेनेजची. त्यावर परवानगीशिवाय बांधता येत नाही. दोन मीटर असे गेले की डिस्प्ले होममध्ये (बिल्डरच्या नमुना घरात) आवडलेला आराखडा त्या प्लॉटवर बसत नाही, आणि ते बिल्डरच्या ड्राफ्ट्समनकडून कळेपर्यंत जमिनीच्या करारावर सही झालेली असते. टायटल (प्लॉटची मालकीची नोंद) यायला वर्ष लागलं तर भाडं सुरूच. विकासकाला सनसेट क्लॉज (ठरल्या मुदतीत टायटल न आल्यास करार रद्द करण्याचं कलम) दाखवून प्लॉट परत घेऊन जास्त भावाला विकता येत नाही, कारण त्याला तुमची लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी लागते. एवढं संरक्षण आहे. सेटलमेंटच्या, म्हणजे उरलेले पैसे देऊन ताबा घेण्याच्या, वेळी बँकेने किंमत कमी धरली तर मात्र फरक तुमच्या खिशातून.

एकाची पीआर, दुसऱ्याची नाही

लग्न होऊन जोडीदार नुकताच ८२० वर (जोडीदाराच्या टेंपररी व्हिसावर) आला असेल, ही परिस्थिती आपल्याकडे नेहमीची. पीआर असलेल्या जोडीदारासोबत जॉइंट टेनंट (अविभक्त संयुक्त मालक) म्हणून घर घेतलं तर एफआयआरबी लागत नाही. सरचार्जची गोष्ट वेगळी: व्हिक्टोरियात दोघं त्या घरात राहणार असाल तर माफी मिळू शकते, न्यू साउथ वेल्स टेंपररी जोडीदाराच्या हिश्श्यावर लावतं. कोणाचं नाव टाकायचं हे करार छापण्याआधी कन्व्हेयन्सरशी (खरेदीची कागदपत्रं करणाऱ्या तज्ज्ञाशी) बोला. हा नवरा-बायकोच्या मालकीचा, प्रसंगी वारसाचाही प्रश्न असल्याने इथे सॉलिसिटर घेतला तरी चालेल.

थांबलात तर हाती काय लागतं

पाच टक्के डिपॉझिटची केंद्राची योजना पीआरवाल्यांना मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून उत्पन्नाची मर्यादा गेली; किमतीची कमाल सिडनीत १५ लाख, मेलबर्नमध्ये साडेनऊ लाख. कोथरूडचा फ्लॅट आड येत नाही, कारण विचारतात ते ऑस्ट्रेलियातल्या मालमत्तेबद्दल. भारतातून आई-वडील पैसे पाठवणार असतील तर एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर, आणि १० लाख रुपयांपुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ गोळा करते तो कर. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. म्हणून सेटलमेंटच्या महिन्यात धावपळ नको.

जुन्या घरांचा बाजार उघडला की लिलावही आला. खासगी विक्रीत व्हिक्टोरियात तीन आणि न्यू साउथ वेल्समध्ये पाच कामाचे दिवस कूलिंग ऑफ (फेरविचाराचा काळ) असतो, थोडा दंड भरून माघार घेता येते. लिलावात हातोडा पडला की संपलं. बिल्डिंग इन्स्पेक्शन आणि सेक्शन ३२ ची (व्हिक्टोरियात विक्रेत्याने द्यायच्या निवेदनाची) तपासणी लिलावाच्या शनिवारच्या आधीच.

परत जायचं असेल तर

हा मुद्दा दोन्ही बाजूंना लागू, आणि सगळ्यात कमी बोलला जातो. राहत्या घराच्या नफ्यावर इथे कर लागत नाही. पण भारतात परतून, करासाठी अनिवासी झाल्यावर घर विकलं तर ती माफी पूर्णच्या पूर्ण जाते, मधली दहा वर्षं तुम्ही तिथे राहिला असलात तरी. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून अनिवासी विक्रेत्याच्या घराच्या किमतीतून १५ टक्के कापून खरेदीदार थेट कर खात्याला भरतो. आई-वडिलांसाठी परतायचं ठरत असेल तर विक्रीच्या करारावर सही इथून निघण्याआधी व्हावी. बघितली जाते ती कराराची तारीख. सेटलमेंट नंतर झाली तरी चालते.