पोलोला ५×११२ चे अ‍ॅलॉय: अडॅप्टरवर चौदा महिने

माझी पोलो २०१५ ची, डिझेल. हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचं माप, ५×१००: पाच बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. मेव्हण्यानं ऑक्टाव्हिया विकताना तिचे हौसेनं घातलेले सोळा इंची अ‍ॅलॉय काढून ठेवले होते, ते ५×११२ चे. "दाजी, घाला की तुमच्या गाडीला," म्हणाला. काहींनी अ‍ॅलॉयलाच नवी भोकं पाडायला सांगितलं, पण जुन्या भोकांशेजारी धातू कमकुवत करणं मला पटेना. म्हणून २० मिमी जाडीचे अ‍ॅल्युमिनियमचे अडॅप्टर घेतले. आधी पाच बोल्टांनी अडॅप्टर हबवर, मग पाच बोल्टांनी चाक अडॅप्टरवर. टायर १९५/५५ आर१६ घातले.

पहिल्याच आठवड्यात कागलकडे जाताना नव्वदला स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग दोनदा करून झालं, फरक शून्य. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका टर्नरकडे गेलो. त्यांनी व्हर्नियर लावला. अडॅप्टरची कडा ५७.१ मिमी, अ‍ॅलॉयचं मधलं भोक ६६.६. "चाक नुसतं बोल्टावर लटकलंय की हो, हबवर बसलंच नाही," म्हणाले. त्यांनी ती फट भरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या चार रिंगा लेथवर काढून दिल्या, बोटानं दाबून बसतील अशा. त्याच संध्याकाळी हायवेला गेलो, स्टिअरिंग शांत. अडॅप्टर मागवताना पीसीडी सगळेच विचारतात. मधल्या भोकाचं माप मीही विचारलं नव्हतं.

बोल्टाच्या लांबीचंही तसंच. अडॅप्टरसोबत आलेले चाकाचे बोल्ट जरा लांब होते. टॉर्क पान्हा ठरवलेला जोर लागला की 'टक्' करतो. टोक आरपार जाऊन हबला टेकलं तरी तो 'टक्' करतो आणि चाक मात्र आवळलेलं नसतं. मी आखूड बोल्ट आणले आणि प्रत्येक बोल्ट हातानं आत फिरवत फेरे मोजले. बोल्ट एम१४, म्हणजे १४ मिमी जाडीचा, आटे दीड मिमीचे, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा आत जातो. नऊ फेरे गेले की साधारण बोल्टाच्या जाडीइतकी पकड मिळते. बोल्टाच्या डोक्याखालचा आकारही बघा. कंपनीच्या बोल्टाची बैठक गोल असते, बाहेरच्या अ‍ॅलॉयना बहुधा निमुळती लागते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

खरी भीती मात्र आतल्या बोल्टांची. चाक बसलं की ते दिसतच नाहीत. सहा हजार किलोमीटरला चाकं उतरवून तपासलं, तर मागच्या डाव्या अडॅप्टरचा एक बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर लावलेल्या पान्ह्याखाली जवळजवळ पाव फेरा फिरला. माझ्या पोटात गोळा आला. त्या हबवरचा गंज बसवताना नीट घासला गेला नव्हता. गंजाचा थर दाबानं चुरला आणि बोल्ट सैल पडला. चारही हब तारेच्या ब्रशनं चकचकीत केले, पुन्हा आवळलं, शंभर किलोमीटरनं परत तपासलं. वेळेत चाक उतरवलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मनात येतो.

जुलैत गगनबावड्याच्या वाटेवर साळवणजवळ पंक्चर झालं. पाऊस धो धो, बायको-मुलं गाडीत. स्टेपनी ५×१०० ची, ती अडॅप्टरवर बसत नाही. अडॅप्टर काढल्याशिवाय इलाज नाही, आणि तो हबला घट्ट चिकटलेला. लोखंडी हब, अ‍ॅल्युमिनियमचा अडॅप्टर आणि मधे पावसाचं पाणी, मग काय होणार! लाकडी ठोकळ्यानं ठोकून अर्ध्या तासानं सुटला. मग लक्षात आलं, कंपनीचे मूळ बोल्ट घरी कपाटात. एका भल्या माणसानं चाक मोटारसायकलवरून नेऊन पंक्चर काढून आणलं. आता पाच मूळ बोल्ट डिकीत कायम असतात. हबच्या मधल्या कडेला कॉपर ग्रीसचा पातळ हात देतो, आट्यांना अजिबात नाही. पंक्चरवाल्याला एअर गन लावू देत नाही, पान्हा माझा.

चालवताना काय वाटतं? चाक मूळच्यापेक्षा साधारण २१ मिमी बाहेर आलंय. गाडी रुबाबदार दिसते आणि घाटाच्या वळणात अंग कमी टाकते. पण उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत स्टिअरिंग हाताला ओढतं, आणि चिखल थेट दारांवर उडतो. मागं तिघं बसून मोठा खड्डा आला की टायर मडगार्डच्या कडेला घासायचा. ती कडा आत वळवून घेतली. बेअरिंगवर ताण वाढतो हे मान्य करूनच मी हे केलंय. टायर मोठा असल्यानं काटा ऐंशी दाखवतो तेव्हा मूळ टायरच्या हिशेबानं गाडी अडीच किलोमीटर जास्त पळत असते. विमा एजंटला पहिल्याच महिन्यात लेखी कळवलं.

कोणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारतो, घरी टॉर्क पान्हा आहे का? नसेल तर आपल्या पीसीडीचेच अ‍ॅलॉय घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. माझ्याकडे आहे, आणि दर पाच हजारांना रविवारची सकाळ मी याला देतो. परवाच सोळा हजारांचा हात झाला. आतले वीसच्या वीस बोल्ट जागचे न हलता 'टक्' म्हणाले.