स्टूजेस: आधी पहिला अल्बम की ‘फन हाउस’?

अमेरिकन रॉक बँड स्टूजेसच्या पहिल्या दोन अल्बमांपैकी एकच रेकॉर्ड घ्यायची असेल तर ‘फन हाउस’ घ्या. पण पहिल्या अल्बमची बाजूही ऐकून घ्या, ती लंगडी नाही.

‘द स्टूजेस’ आला १९६९ मध्ये. निर्माता होता जॉन केल, वेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमधून नुकताच बाहेर पडलेला. गाणी साधी, चटकन तोंडात बसणारी. ‘आय वॉना बी युअर डॉग’मध्ये खरखरत्या गिटारमागे पियानोचा एकच सूर कोणीतरी ठोकत राहतं, तिकडे कान द्या. अडतं ते ‘वी विल फॉल’पाशी. दहा मिनिटांचा हा संथ जप मला अजूनही पेलत नाही.

‘फन हाउस’ १९७० चा. निर्माता डॉन गॅलुची हा किंग्समेन या बँडच्या ‘लुई लुई’ गाण्यावर कीबोर्ड वाजवलेला माणूस. बँडची ताकद रंगमंचावर आहे हे त्याने ओळखलं. लॉस एंजेलिसमधल्या एलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत आवाज शोषणारं सामान काढून टाकलं, सगळ्यांना एकत्र वाजवायला लावलं आणि गायक इगी पॉपच्या हातात माइक दिला. म्हणून इथे गाणं आणि वाद्यं एकमेकांत घुसतात, सांडतात. डेव्ह अलेक्झांडरचा बेस ‘डर्ट’ एकट्याने तोलून धरतो. रेकॉर्ड उलटल्यावर ‘१९७०’मध्ये स्टीव्ह मॅकेचा सॅक्सोफोन शिरतो आणि बँड जणू दुसराच होतो. पहिल्या अल्बममध्ये असा क्षण कुठेच नाही.

समीक्षकांचं म्हणाल, तर पहिल्या अल्बमला ‘रोलिंग स्टोन’ या संगीत नियतकालिकात एड वॉर्डने कंटाळवाणा आणि बालिश ठरवलं, आणि तरी आपल्याला तो आवडतो असंही लिहिलं. बिलबोर्डच्या अमेरिकन विक्रीयादीत तो १०६ व्या क्रमांकापर्यंत चढला. ‘फन हाउस’ विकला गेला नाही, पण लेस्टर बँग्सने ‘क्रीम’ मासिकाच्या दोन अंकांत त्याच्यावर प्रदीर्घ लेख लिहिला. त्या लेखात रेकॉर्ड समजून घेण्याची जी तळमळ आहे, ती मला कुठल्याही गुणांकनापेक्षा मोलाची वाटते. बाकीच्यांना वेळ लागला. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्याच सर्वोत्तम ५०० अल्बमांच्या यादीत ‘फन हाउस’ ९४ वा होता.

गुणगुणता येईल असं काही हवं असेल तर पहिला अल्बम जवळचा वाटेल. बँड समोर उभा राहून वाजवतोय असं वाटायला हवं असेल तर दुसरा. शेवटचं ‘एल. ए. ब्लूज’ म्हणजे निव्वळ कल्लोळ आहे. पहिल्या खेपेला ते झेपलं नाही तर त्याच्या आधीच सुई उचला. उरलेल्या सहा गाण्यांतच पैसे वसूल आहेत.