क्वार्टर रिपीटर पॉकेट वॉच : आठ महिने वापरून

रात्री जाग आली की हल्ली मी मोबाइल उचलत नाही. उशाशी ठेवलेल्या घड्याळाच्या कडेची पट्टी शेवटपर्यंत सरकवतो आणि सोडतो. हे क्वार्टर रिपीटर, म्हणजे मागाल तेव्हा वेळ वाजवून सांगणारं घड्याळ : तासाला एक टोला, पाव तासाला एक ‘टिंग-टँग’. आधी दोन टोले, मग दोनदा ‘टिंग-टँग’. म्हणजे अडीच होऊन गेले, पावणेतीन व्हायचेत.

घड्याळ स्विस, साधारण १९०० च्या आसपासचं, चांदीचं. केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या डबीच्या) आत ग्राउस पक्ष्याचा बारीक छाप आहे, म्हणजे ८०० नंबरची, हजारात ८०० भाग शुद्ध चांदी. डायलवर कुणाचंच नाव नाही, त्यामुळे मला परवडलं. नाव नाही म्हणून माल हलका असंही नाही. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातल्या व्हाले द जू खोऱ्यात असली अवघड यंत्रं कच्च्या रूपात तयार होत आणि नामांकित कंपन्याही ती तिथून घेऊन, सफाई करून, आपलं नाव घालत.

खरी कारागिरी डायलच्या खाली आहे. दुरुस्तीच्या वेळी ती उघडी पाहिली आणि अर्धा तास तिथेच उभा राहिलो. तासांसाठी बारा पायऱ्यांची गोगलगायीसारखी वळत गेलेली चकती, पाव तासांसाठी चार पायऱ्यांची दुसरी. पट्टी सरकवली की आतला दांडा त्या वेळी समोर असलेल्या पायरीवर जाऊन टेकतो. पायरी जितकी खोल तितके टोले जास्त. टोल्यांची ताकद मुख्य स्प्रिंगची नव्हे, आपल्या अंगठ्याची. सरकवताना एक वेगळी छोटी स्प्रिंग ताणली जाते. पट्टी अर्धवट सरकवली तर चुकीची वेळ सांगण्याऐवजी यंत्र गप्प राहतं, त्यासाठीही आत एक स्वतंत्र तुकडा आहे. आवाज येतो तो यंत्राभोवती वळवलेल्या पोलादी तारांचा. ही युक्ती पॅरिसच्या घड्याळजी ब्रेगेची, १७८० च्या दशकातली. त्याआधी केसच्या पाठीत चक्क घंटी असायची, म्हणून ती घड्याळं लठ्ठ. एवढं सगळं डायलखाली झाकलेलं, तरी प्रत्येक पोलादी तुकड्याची कड घासून चमकवलेली!

आता तक्रारी. विकणाऱ्याने ‘सर्व्हिस केलेलं आहे’ म्हणून दिलं, पण आत तेलाचा चिकट डिंक झाला होता. बाराला दोन मिनिटं कमी असताना बारा टोले द्यायचं आणि वर तीन ‘टिंग-टँग’, म्हणजे थेट पाऊण! तासाची चकती वेळेआधीच उडी मारत होती. दोन घड्याळजींनी हात लावायला नकार दिला. तिसऱ्या काकांनी सात आठवडे ठेवून घेतलं आणि बिल घड्याळाच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश आलं. घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा.

वेळेचं म्हणाल तर दिवसाला दोन-तीन मिनिटं पुढे जातं. आडवं ठेवलं तर एक चाल, उभं टांगलं तर दुसरी. एकदा ब्लूटूथ स्पीकरशेजारी ठेवलं आणि ते अर्धा तास पुढे पळालं. हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, चुंबकीय झाली होती. काकांनी दोन मिनिटांत ठीक केलं, पैसेही घेतले नाहीत. पावसाळ्यात ते घराबाहेर नेत नाही. टोले चालू असताना काटे फिरवायचे नाहीत, हे मात्र कायमचं लक्षात ठेवा.

आईला काचबिंदू आहे. दिवसातून चार-पाचदा म्हणते, “वाजव बघू.” तीन टोले आणि तीन ‘टिंग-टँग’ झाले की मी मनात बेरीज करत असतो, तोवर ती “पावणेचार” म्हणून मोकळी. यंत्र झालेल्या तासावर पाव चढवत जातं, आपली भाषा येणाऱ्या तासातून पाव वजा करते. सव्वा आणि साडेला भांडण नाही, पावणेलाच आहे.

संग्रह म्हणून घ्यावं का? ब्रेगेचं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठीचं घड्याळ (राणी १७९३ ला गेली, ब्रेगे १८२३ ला, घड्याळ पुरं झालं १८२७ ला) किंवा २०१४ साली २.३ कोटी स्विस फ्रँकना विकलेलं पाटेक फिलिप कंपनीचं ‘ग्रेव्हज’ घड्याळ, ती दुनियाच वेगळी. आपल्या आवाक्यातल्या मालात सोन्याचा मोह टाळा. सोन्याचा भाव चढला की केस वितळवतात, यंत्रं उघडी पडतात, मग ती कुणाच्या तरी भलत्याच केसमध्ये बसवली जातात. चांदीला त्या मानाने धोका कमी. केसला स्क्रूचं जास्तीचं भोक, कडेची पट्टी नीट न बसणं, अशी केस बदलल्याची खूण दिसली तर परत फिरा. आणि विकत घेण्याआधी काटे एकला एक मिनिट कमी असताना लावून ऐका : बारा टोले आणि तीन ‘टिंग-टँग’, सगळ्यात लांब वाजणारी वेळ तीच. दम लागला तर तिथेच कळतं.

मिनिटंही सांगणारा रिपीटर घेणार का, असं मित्र विचारतात. तो माझ्या खिशाबाहेरचा. शिवाय आईला पाव तास पुरतो.